गोल पटाशीची धार

पुण्याच्या पेठांमधून अजूनही धारवाले फिरतात. सायकल स्टँडवर चढवली, पायडल मारले की दांडीवर बसवलेले चाक गरगर फिरू लागते आणि विळी, सुरी, कात्री, जे समोर येईल त्यातून ठिणग्या उडतात. हाळी ऐकू आली की मीही घरातल्या विळ्या-कात्र्या गोळा करून खाली जाते. कोरीव कामाच्या पटाश्या मात्र त्या चाकाजवळ नेत नाही. धारवाल्यांचा हात बसलेला असतो, त्यात वादच नाही. पण विळीच्या धारेचे गणित वेगळे. ती जरा दातेरी असली तर टोमॅटोची साल उलट पटकन चिरली जाते. लाकूड कोरणाऱ्या पटाशीच्या धारेला एक जरी दात राहिला तरी तो प्रत्येक कापात लाकडावर रेघ ओढत जातो, आणि वर तेल-पॉलिश चढले की ती रेघ आणखीच उठून दिसते.

दुसरे कारण उष्णतेचे, आणि ते जास्त गंभीर. चांगल्या पटाशीच्या पोलादात एक टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. असे पोलाद लालबुंद तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवले की इतके कडक होते की कानस त्यावरून नुसती घसरते. पण त्या अवस्थेत ते ठिसूळही असते. मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोड्याचा, एक ठोका तिरका बसला तरी टोक उडेल. म्हणून त्याला पुन्हा हलकेच तापवतात. तापताना घासून चकचकीत केलेल्या पोलादावर रंग चढत जातात: २२०-२३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. कोरण्याच्या हत्याराला पिवळ्यावरच थांबवायचे. निळ्यापर्यंत गेलेले पोलाद स्प्रिंगसाठी उत्तम, धारेसाठी मऊ. लोहार 'पाणी देणे' म्हणतात ते हेच काम.

आता अशी पाणी दिलेली पटाशी वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर धरली तर सगळ्यात आधी तापते ती धार. तिथे पोलाद केसाइतके पातळ असते, आलेली उष्णता वाहून न्यायला मागे धातूच नसतो. पापणी लवायच्या आत टोकावर निळी छटा येते. तेवढा भाग गेला. नंतर दगडावर कितीही घासा. धार लागेल, पण सागावर दोन-चार काप घेतले की बोथट होईल. उपाय एकच, निळा पडलेला भाग सगळा झिजवून मागचे चांगले पोलाद उघडे करायचे. त्यात पटाशीची लांबी जाते, आणि गोल पटाशीच्या बाबतीत लांबी म्हणजे आयुष्यच. म्हणून माझ्याकडे ग्राइंडर असला तरी तो बहुतेक वेळ झाकलेला असतो. पटाशीला खिळा लागून खळगा पडला तरच तो सुरू करायचा, तेव्हाही शेजारी पाण्याचे भांडे आणि उघडे बोट धारेच्या अगदी मागे. बोटाला चटका बसायला लागला की पाण्यात बुडवायचे. बोटाला सोसवते तिथवर पोलादाला धोका नाही.

रोजचे काम दगडावरचे. रविवार पेठेत बोहरी आळीत गेलात तर हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात एका अंगाला भरड आणि दुसऱ्या अंगाला बारीक असा काळसर दगड मिळतो. सुतार त्याला तेलाचा दगड म्हणतात. तो बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा असतो. एडवर्ड ॲचेसन या अमेरिकी संशोधकाला १८९१ साली कृत्रिम हिरे बनवण्याच्या खटपटीत हा पदार्थ हाती लागला आणि कार्बोरंडम या नावाने जगभर पोचला. त्याआधी आपल्याकडे कुरुंद हा कठीण खनिज दगड होता. कुरुंदाची पूड लाखेत कालवून केलेल्या चाकांवर शिकलगार तलवारी पाजळत. मला स्वतःला पाण्याचे दगड आवडतात. तेलाच्या दगडावर काम केल्यावर हात, फडके, लाकूड सगळेच तेलकट होते, आणि कोरायच्या लाकडावर पडलेला तेलाचा डाग निघता निघत नाही. १००० नंबरच्या दगडाचे कण साधारण पंधरा मायक्रॉनचे असतात, ८००० च्या दगडाचे दोनेक मायक्रॉनचे. त्यांच्यामध्ये एखादा ४००० चा ठेवला की झाले.

कसब्यात राहणारे एक सुतारकाका आहेत, आता काम सोडलेले. त्यांना हे दगड अजिबात पटत नाहीत.

"ताई, एवढे दगड कशाला? लाकडाला काय नंबर कळतो होय?"

काकांची सगळी हयात चौकटी, दारे, पलंग करण्यात गेली. त्यांचा एकच दगड आहे, मधोमध होडीसारखा खोल गेलेला, आणि त्या खळग्यावर ते सपाट पटाशीला अशी धार लावतात की हातावरचे केस निघतात. सांध्याचे घर, म्हणजे जोडाची खाच, पाडायला ती धार पुरते, हे मलाही मान्य आहे. सांध्याचा आतला भाग कुणी पाहत नाही. कोरीव कामात मात्र पटाशीने सोडलेला पृष्ठभागच शेवटी डोळ्यांसमोर राहतो. त्यामुळे दगडांच्या बाबतीत आमचे जमत नाही, आणि आम्ही दोघेही आपापले म्हणणे सोडलेले नाही.

आता गोल पटाशी. सपाट पटाशीला धार लावणे कुणीही महिनाभरात शिकेल. गोल पटाशी वेगळाच जीव आहे, कारण तिची धार ही वक्ररेषा असते आणि दगड सपाट. शेफिल्डच्या कारागिरांनी या वक्रांना आकडे देऊन ठेवले आहेत, ते आजही जगभर थोड्याफार फरकाने चालतात. ३ म्हणजे जेमतेम गोलाई, नीट पाहिले नाही तर सपाटच वाटेल. ५, ७ करत गोलाई वाढत जाते, ९ म्हणजे जवळपास अर्धे वर्तुळ. ११ नंबर खोल, इंग्रजी यू अक्षरासारखा, पानांच्या शिरा कोरायला. फुलाच्या पाकळीचा बाहेरचा फुगीर भाग ३ ने होतो, आतला खळगा ७ ने, आणि पाकळीच्या मुळाशी जिथे सावली साठवायची तिथे ९.

दगड आडवा ठेवायचा. धारेकडे निमुळती होत जाणारी पटाशीची बाहेरची बाजू म्हणजे उतार, आणि त्याची मागची कड म्हणजे टाच. पटाशी त्यावर टेकवून तिच्या उताराची टाच आधी बसवायची, मग मूठ हळूहळू उचलत धारेपर्यंत आणायची. उतार पूर्ण टेकला की हाताला कळते, पटाशी दगडाला चिकटल्यागत वाटते. मग तो कोन न बदलता पटाशी दगडाच्या लांबीवरून नेत राहायची आणि त्याच वेळी, कुलपात किल्ली फिरवावी तशी, मनगटाची फिरकी द्यायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धारेचा प्रत्येक बिंदू दगडाला सारखाच भेटला पाहिजे. अडचण इथेच आहे. फिरकी देताना हात दोन्ही टोकांशी थबकतो, कारण तिथे दिशा बदलायची असते. थबकला की तिथे जास्त घासले जाते. मग पटाशीची टोके गोल होतात, किंवा टोकांच्या जरा आत दोन खळगे पडून धार लाटेसारखी वरखाली होते. अशी पटाशी खोलवर नेली की मधला भाग कापतो आणि कडा लाकूड फाडतात.

यावर जुना, खात्रीचा उपाय आहे. ऐकायला उलटा वाटतो. धार मुद्दाम मारायची. पटाशी दगडावर अगदी उभी धरायची आणि दोन-चार हलके हात फिरवायचे. धार बोथट होते, पण आता ती एका पातळीत आलेली असते. मग दिव्याखाली समोरून पाहायचे. धारेवर एक पांढरी चकाकणारी रेघ दिसते. बोथट धारेला रुंदी असते, त्या रुंदीवर उजेड उभा राहतो. तीक्ष्ण धारेवर त्याला उभे राहायला जागाच नसते. ही पांढरी रेघच पुढची वाटाड्या. कुठे ती जाड असते, कुठे बारीक. जिथे जाड तिथे उतार घासायचा, जिथे बारीक तिथे दगडाचा स्पर्शही नको. दर थोड्या वेळाने पुसायचे, दिव्याखाली धरायचे, पाहायचे. रेघ सगळीकडून सारखी बारीक होत गेली पाहिजे, आणि शेवटी सगळीकडून एकदमच नाहीशी झाली पाहिजे. एखाद्या ठिकाणी आधी गेली तर त्या जागेला सोडून बाकीचे पुरे करायचे. यात घाई करणाऱ्याचे काम नाही. पण एकदा नजर बसली की गोल पटाशीचे निम्मे रहस्य उलगडते, आणि रेघ विझताना पाहण्यात जो आनंद आहे तो मला कोरण्याच्या आनंदाहून कमी वाटत नाही.

रेघ गेली की आतल्या अंगाने अंगठा बाहेरच्या दिशेने अलगद सरकवून पाहावे. धारेच्या पलीकडे वळलेली धातूची अगदी बारीक कड जाणवते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. ती सगळ्या रुंदीभर लागली म्हणजे दगड धारेपर्यंत पोचला. ती काढायला आतून घासावे लागते, आणि त्यासाठी पाचरीच्या आकाराचे, गोल कडेचे छोटे दगड मिळतात. ते महाग वाटले तर नाना पेठेत जावे. तिथे गाड्यांच्या रंगकामासाठी १०००, १५००, २००० नंबरचा वॉटर पेपर सुटा मिळतो. पटाशीच्या आतल्या गोलाईच्या मापाची लाकडी काडी घेऊन त्यावर तो गुंडाळला की काम भागते. आतून घासताना मी काडी अगदी थोडी उचलते, म्हणजे आतल्या बाजूलाही एक पुसटसा उतार तयार होतो. त्यामुळे धारेमागे थोडा जास्त धातू राहतो, ती सागावर टिकते, आणि निघालेली ढलपी आत अडकून न बसता वर उसळून बाहेर पडते. बाहेरच्या उताराचा कोन मी वीस-बावीस अंशांवर ठेवते. शिवणीसारख्या मऊ लाकडात हाताने रेटताना त्याहून कमीही चालतो; शिसवावर मोगरीने ठोकायचे असेल तर पंचवीसच्या पुढे जावे लागते.

उताराची टाच, तीही गोलसर करून चकचकीत करावी. खोल खळग्यात पटाशी वळताना टाच लाकडावर रेटली जाते. ती धारदार राहिली तर आधीच्या कापावर दाबल्याचा काळपट डाग पडतो. हे अनेक जण करत नाहीत आणि मग लाकडाला दोष देतात.

सगळ्यांत अवघड व्ही पटाशी. ती म्हणजे एका कोपऱ्यात भेटणाऱ्या दोन सपाट पटाश्या, आणि त्या कोपऱ्यात लपलेली तिसरी, अगदी इवलीशी गोल पटाशी. दोन्ही बाजू सपाट म्हणून दगडावर घासल्या की खाली कोपऱ्यात बर्‍याचदा धातूचे एक टोकदार नाक पुढे आलेले दिसते. ते नाक लाकूड कापत नाही, नांगरासारखे रेटते. गोल पटाशीसारखी फिरकी देऊन फक्त त्या नाकावरचा उतार जरासा गोल केला की ते मागे सरते. जास्त केले की उलटे होते, कोपऱ्यात खळगा पडतो आणि दोन्ही बाजू पुढे, मधली मागे. तेव्हा पुन्हा दोन्ही बाजू घासून त्या कोपऱ्यापर्यंत आणायच्या. आत तर आणखी बारीक काम. पाचरीच्या दगडाची कड कोपऱ्याच्या नेमक्या कोनाची हवी, नाहीतर आतली खाच मधूनच सरकते.

काकांना ही पटाशी दाखवली तेव्हा त्यांनी ती दिव्याखाली धरली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"डावी बाजू जाड आहे बघा, ताई. पोलादच तिकडं जाड ठेवलंय बनवणाऱ्यानं. तुम्ही दोन्हीकडं सारखंच घासताय."

त्यांचे खरे होते. दोन बाजूंच्या भिंती सारख्या जाडीच्या नसतील तर सारखे घासून नाक कधीच मध्ये येणार नाही. बाहेरून डाव्या भिंतीची जाडी आधी कमी करायला हवी. व्ही पटाशी विकत घेताना मी आता सगळ्यांना हेच सांगते, समोरून पाहा आणि दोन्ही भिंतींची जाडी पाहा. बाकी चकाकी पाहू नका.

धारेची परीक्षा अंगठ्यावर किंवा हाताच्या केसांवर घेतात, ती मला फारशी पटत नाही. दातेरी धारही केस काढते. लाकडाला विचारावे. खोक्यांचे पाइनचे टाकाऊ तुकडे बाजारात मिळतात, मऊ आणि फिक्या रंगाचे. त्यावर नसांच्या आडवा काप घ्यायचा. धार बरोबर असेल तर खाचेचा तळ ओल्यागत चमकतो. नसेल तर लाकूड पांढुरके, पिठूळ दिसते, तंतू दबून उपटलेले. आणि त्या चमकणाऱ्या खाचेत एखादी बारीक पांढरी रेघ लांबवर धावत गेली असेल, तर धारेवर नेमक्या त्याच जागी दात आहे. रेघ खाचेच्या डाव्या कडेपासून किती अंतरावर आहे ते पाहून पटाशीच्या डाव्या टोकापासून तितकेच मोजायचे. दिव्याखाली तिथे एक ठिपका चमकताना सापडतोच. माझ्या टेबलाच्या कडेला अशी एक फळी कायम असते आणि दगडावरून उठलेली प्रत्येक पटाशी आधी तिच्यावर जाते. काकांनाही मी हीच फळी दाखवली, ४००० पर्यंतचा काप आणि ८००० नंतरचा काप शेजारी शेजारी. त्यांनी बोट फिरवले, "गुळगुळीत आहे खरं," म्हणाले, आणि दगड मात्र आपलाच चांगला यावर ठाम राहिले.

दगडानंतर कातडे. चपला शिवणाऱ्यांकडून जाडसर कातड्याचा तुकडा घ्यावा, फळीवर चिकटवावा आणि त्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी घासावी. पटाशी नेहमी मागे ओढायची, पुढे ढकलली की कातडे कापते. जोर द्यायचा नाही. कातडे मऊ, जोर दिला की ते धारेभोवती वर येते आणि धार गोल करते. दोन्ही अंगांसाठी मी एक युक्ती वापरते, ती कोरणाऱ्यांत सर्वदूर चालते. मऊ लाकडाच्या फळीत त्याच पटाशीने एक लांब सरळ खाच घ्यायची. ती खाच त्या पटाशीच्या बाहेरच्या गोलाईच्या तंतोतंत मापाची असते, कारण तिनेच ती केलेली. तिच्यात हिरवी वडी चोळली की बाहेरचा उतार चकचकीत करायला साचा तयार. शेजारी तेवढ्याच गोलाईचा उंचवटा कोरला की आतल्या अंगाचा साचा. प्रत्येक पटाशीला अशी आपली एक जोडी. कोरताना दर वीसेक मिनिटांनी, धार बोथट झाल्यासारखी वाटायच्या आधीच, दहा-बारा हात त्या खाचेतून ओढले की दगडाकडे जायची वेळ फार उशिरा येते. मला जर कुणी विचारले की धार राखण्यातले सगळ्यात महत्त्वाचे काय, तर मी दगड सांगणार नाही, हे मधूनमधून थांबणे सांगेन. बोथट पटाशी जोर मागते, जोर लावला की ती घसरते, आणि घसरली की पाकळी तुटते किंवा डावा हात कापतो.

पुण्यात कोरायचे म्हणजे साग टाळता येत नाही. शनिवारवाडा १७३२ साली उभा राहिला तेव्हा त्याचा साग जुन्नरच्या रानातून आला होता. आज जुने वाडे उतरवले जातात, आणि त्यांच्या तुळया, खांब, तक्तपोशीच्या फळ्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटकडे पोचतात. ते लाकूड अप्रतिम असते. वर्षानुवर्षे वाळलेले, आता ना मुरडणार ना तडकणार, नसा दाट, आणि कापले की दीडशे-दोनशे वर्षांनंतरही सागाचा तो तेलकट वास येतो. पण धारेचा कस पाहावा तो यानेच. सागात मुळातच सिलिका असते, वाळूतला तोच पदार्थ, झाडाने जमिनीतून शोषून पेशींमध्ये साठवलेला. म्हणून साग शिसवाहून मऊ असूनही पटाशी लवकर बोथट करतो. त्यात वाड्याच्या लाकडाच्या भेगांत चुना असतो, धूळ असते आणि डोके गंजून उडालेले खिळे आत दडलेले असतात. मी असे लाकूड आणले की आधी तारेच्या ब्रशने झाडून घेते, भेगा खरवडते, सगळ्या अंगावरून चुंबक फिरवते. जिथे लाकडावर निळसर-काळा डाग दिसेल तिथे लोखंड आहे असे समजायचे. सागातले टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंडाचा गंज मिळून तो डाग पडतो. चुंबकाला सापडले नाही तरी डागाजवळ चांगली पटाशी नेत नाही.

हे सगळे सोसून साग कोरायचा कशासाठी, याचे उत्तर शनिपाराजवळ उभे आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा विश्रामबाग वाडा, त्याचे सुरूच्या घाटाचे कोरीव खांब, वरची सज्ज्याची नक्षी. रस्त्यावर वाहतूक असते, थांबायला जागा नसते, तरी थांबावे. किंवा केळकर संग्रहालयात जावे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंत कोरीव दारे आहेत, चौकटी आहेत. अशी जुनी कामे समोरून पाहू नयेत, कडेने पाहावीत. उजेड तिरका पडला की पाकळीवर पटाशीचे एकेक सपाट पैलू दिसतात, एकाला लागून दुसरा. त्या कारागिराने पाकळी तीन-चार कापांत वळवली आणि हात काढून घेतला. कागदाने घासून तिचा फुगवटा सारखा केला असता तर उजेड तिथे विरून गेला असता; पैलूंवर तो तुटतो, म्हणून दुरूनही पाकळी जिवंत वाटते.

आजकाल नव्या बंगल्यांना वाड्याचा थाट देण्यासाठी गणेशपट्ट्या, महिरपी, हस्त म्हणजे खांबांवरचे कोरीव आधार बनवतात. बरेचसे मशीनवर कोरलेले असते आणि मग पॉलिश पेपरने घोटलेले. मशीनला माझा आक्षेप नाही, तिचे काम तिने करावे. पण हाताने कोरणारेही आता पेपर मारतात, आणि ते पाहून मला मनापासून वाईट वाटते. पेपर मारला की पाकळीची कड बोथट होते, खळग्याचा तळ आणि भिंत यांमधली रेषा पुसली जाते, सगळी नक्षी मेणाची असावी तशी दिसते. शिवाय पेपरचे कण लाकडाच्या छिद्रांत बसतात. नंतर एखादी जागा पुन्हा कोरायची म्हटले तर पहिल्याच कापाला धार जाते. पेपर हातात घ्यावासा वाटला की समजावे, पटाशी खाचेतून ओढायची वेळ झाली आहे.

पावसाळ्यात वेगळी काळजी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्याच्या हवेत इतका दमटपणा असतो की रात्री टेबलावर राहिलेल्या पटाशीवर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. ओल्या, टॅनिनच्या लाकडाचा चुरा पोलादावर तसाच राहिला तर एका रात्रीत काळा डाग. काम संपले की कोरड्या फडक्याने पुसायचे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पुसटसा हात फिरवायचा. स्वयंपाकघरातले तेल नको. करडई, सूर्यफूल यांची तेले हवेत हळूहळू सुकून चिकट थर धरतात, त्यावर धूळ बसते. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठते आणि पुढे खवटते. जवसाचे तेल मात्र सुकते म्हणूनच मुठींना चांगले. वर्षातून एकदा मुठी घासून जवसाचे तेल चोळले की लाकूड फुटत नाही आणि पकड घट्ट राहते. जवस चोळलेले फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नये, सुकताना ते आपोआप तापते आणि पेटूही शकते. दोरीवर पसरून वाळवावे. पटाश्या कापडी पट्टीत, प्रत्येक आपल्या कप्प्यात. डब्यात एकत्र टाकल्या तर एकीची धार दुसरीवर आपटते आणि दगडावर घालवलेली संध्याकाळ फुकट जाते.

खंडेनवमीला सगळ्या पटाश्या बाहेर काढून पाटावर मांडते. आदल्या दिवशी एकेक पुसते, धार पाहते, मुठीची कडी सैल झाली असेल तर ठोकून घेते. झेंडूची फुले वाहते. हळद-कुंकू मुठीला लावते, पोलादाला नाही. ओले गंध रात्रभर उतारावर राहिले तर तिथे गंज धरतो. त्या दिवशी कुठलीही पटाशी वापरायची नाही, हा आमच्याकडचा नियम, आणि तो मी पाळते.

नवी पटाशी घ्यायची असेल तर चांगल्या विदेशी कंपन्यांच्या पटाश्या आता ऑनलाइन मिळतात, पण किमती झेपणाऱ्या नाहीत. मी बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाते. गंजलेल्या पान्यांच्या, तुटक्या वजनकाट्यांच्या ढिगात कधीतरी एखादी जुनी गोल पटाशी निघते. तिच्यावर 'कास्ट स्टील' असा ठसा असेल तर हात पुढे करावा. शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची जी पद्धत बसवली, त्या पोलादाचा तो ठसा. आपल्या दक्षिणेतले लोहार मुशीतले पोलाद त्याच्या कित्येक शतके आधीपासून करत होते. बाहेरून कितीही गंज असो, काळजी नाही, तो उतार घासताना निघून जातो. पाहायचे ते आतल्या अंगाला. तिथे गंजाने खड्डे पाडले असतील तर पटाशी झिजत जाईल तसा एकेक खड्डा धारेवर येत राहील आणि दरवेळी तिथे दात पडेल.

अशीच एक ७ नंबरची, बोटभर रुंदीची पटाशी सध्या माझ्याकडे आहे. मूठ फुटलेली होती, बाभळीची नवी बसवली. आतल्या अंगाला धारेपासून थोड्या अंतरावर दोन खड्डे आहेत, खोल नाहीत. वॉटर पेपर काडीवर गुंडाळून आतली गोलाई सगळीकडून सारखी खाली उतरवायची, खड्ड्यांच्या तळापर्यंत, असे काम चालू आहे. एक खड्डा जवळपास गेला. दुसरा अजून नखाला लागतो.